गोगलगायीवरचं आकाश

"अर्धा तास, बाबा. चहा निवायच्या आत तुमच्यासमोर आकाश हजर करतो!"

असं आपल्या नकाशेवाल्याने शुक्रवारी दुपारी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं. तो चहा त्या दिवशी निवला. त्यानंतरचाही निवला. शनिवारचे चारही चहा निवले. रविवारी बायकोने चहा करणंच सोडून दिलं. पण हे फार पुढचं झालं. आधी माणसं कोण, ते सांगायला हवं.

नकाशेवाला म्हणजे भूमापन कचेरीत नकाशे काढणारा एक सरळमार्गी गृहस्थ. बावीस वर्षं नोकरी झाली होती. गावातली गल्लीन् गल्ली त्याच्या हाताखालून गेलेली. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायचा, तो इतका देखणा काढायचा की वरचे साहेब आधी बाण बघायचे आणि मग नकाशा. माणसाला एक तरी खोड असतेच. याची खोड म्हणजे घरचा कॉम्प्युटर. सगळं जग ज्या ऑपरेटिंग सिस्टीम वापरतं त्यांच्याकडे तो कीव आल्यासारखा बघायचा. त्याने घातलेली सिस्टीम जगात सगळी मिळून चार-पाचशे माणसं वापरत असतील. तिचं चिन्ह होतं गोगलगाय. आपलं घर आपल्या पाठीवर, कोणाचं मिंधं राहायचं नाही, असा त्याचा अर्थ तो समजावून सांगायचा. बायकोचं म्हणणं होतं की चिन्ह वेग बघून दिलं असावं.

"गोगलगायीवर सगळं चालतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. केस कापणाऱ्याला, बसथांब्यावर, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर, जिथे कोणी विचारलं नसेल तिथे तो हे वाक्य सांगून यायचा.

सासरे शुक्रवारी सकाळी आले होते, सोमवारी सकाळी परत जाणार होते. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होते. ताऱ्यांची उंची मोजून जहाज समुद्रात नेमकं कुठे आहे ते काढून द्यायचं, हे त्यांचं काम. कॅप्टन ते कधीच नव्हते, पण घरीदारी सगळे त्यांना कॅप्टनच म्हणायचे आणि आता नाही म्हणायला त्यांना कंटाळा यायचा. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. कॅप्टनचे डोळेही त्याच सुमारास बिघडले. माणूस ओळखू यायचा, मोठं अक्षर वाचता यायचं, पण आकाशातले तारे एकेक करून पुसले गेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. कॅप्टन म्हणायचे, तारे आहेत तिथेच आहेत, मीच बंदराला लागलोय.

त्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर कॅप्टननी एक गोष्ट काढली. लग्नाच्या संध्याकाळी, पाहुणे पांगल्यावर, ते नव्या नवरीला घेऊन गच्चीवर गेले होते. तेव्हा ते नुकतेच नेव्हिगेशनच्या परीक्षेत पहिले आलेले. हात वर करून त्यांनी तिला एक तारा दाखवला आणि सांगितलं की ही चित्रा, आजपासून ही तुझी. मी कुठल्याही समुद्रावर असलो तरी या दिवसांत हिच्याकडे बघेन, तूही बघत जा.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी कळवलं की ही ती नव्हे. ती चांगली ठसठशीत होती, ही बारीक आहे. आणि जरा उजवीकडेही गेलीय. कॅप्टन हसले. तारे असे जागा सोडून हिंडत नाहीत, हे त्यांनी पत्रातून चार पानं भरून समजावलं. तरी दर वर्षी बाईंचं तेच. मग तो घरातला विनोदच झाला. माझ्या बायकोचा तारा हरवतो, असं कॅप्टन जहाजावर सांगायचे, पाहुण्यांत सांगायचे. सगळे हसायचे, सासूबाईही हसायच्या. मध्येच कधीतरी एखाद्या वर्षी म्हणायच्या, यंदा आहे बरं का जागेवर. त्यावर तर जास्तच हशा पिकायचा.

"आता घरात एकटा असतो," कॅप्टन म्हणाले, "आणि सारखं मनात येतं की तिचंच बरोबर असलं तर? चाळीसदा तरी मी तिला लोकांसमोर खोटं पाडलं. रविवारी लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली असती. त्या संध्याकाळचं आकाश मला एकदा बघायचंय, जावईबापू. कुठल्याही गावाचं, कुठल्याही दिवसाचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, असं रेडिओवर ऐकलं."

मुलीने, म्हणजे नकाशेवाल्याच्या बायकोने, विचारलं, बघून काय करणार? कॅप्टन म्हणाले, चूक असेल तर कबूल करीन, फोटोसमोर का होईना. मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि कपबश्या गोळा करून ती आत गेली. हे नकाशेवाल्याच्या लक्षात आलं नाही. तो तोवर बाह्या सारून बसला होता.

आतून आल्यावर तिने एवढं मात्र सुचवलं की तिच्या फोनवर ते सॉफ्टवेअर दोन मिनिटांत उतरेल. नकाशेवाल्याचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याचा उत्तरेचा बाण खोडला! चार बोटांच्या पडद्यावर बाबांना आकाश दाखवणार? या डोळ्यांना? त्याचा स्वतःचा स्क्रीन चांगला हातभर रुंद होता, नकाशांसाठी मुद्दाम घेतलेला. आरामखुर्चीतून तो कॅप्टनना जरा खाली पडत होता, म्हणून त्याने भिंतीतलं कपाट उघडून, सासूबाईंच्या ट्रंकेतून आलेली, ब्राऊन पेपरची कव्हरं घातलेली दोन जाडजूड पुस्तकं काढली आणि स्क्रीनखाली सरकवली. उंची बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली. त्या तीन दिवसांत पहिल्या फटक्यात जमलेली हीच एक गोष्ट.

सॉफ्टवेअरच्या पानावर वरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की हे सर्व सिस्टीमवर चालतं. नकाशेवाल्याने ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं. खाली चालू सिस्टीमची चित्रं होती, प्रत्येकीशेजारी एक बटण. दाबलं की झालं. गोगलगाय त्यात नव्हती. पानाच्या अगदी तळाशी, औषधाच्या बाटलीवर असतात तसल्या अक्षरांत, एक ओळ होती: इतरांनी स्वतः बांधून घ्यावे.

"बांधून घेऊ! त्यात काय?" नकाशेवाला म्हणाला.

तर बांधायला घेतल्यावर ते सॉफ्टवेअर म्हणालं, माझ्या मदतीला अमुक फाइल हवी. ती आणली. ती म्हणाली, तमुक आल्याशिवाय मी येणार नाही. तमुकला आणायला गेलं तर तिचा रुसवा भलतीवरच. लग्नकार्यात काकू आली तर आत्या येणार, आत्या आली तर धाकटे काका येणार नाहीत, तशातला प्रकार. संध्याकाळपर्यंत एकोणीस पाहुणे जमा झाले आणि विसावा वाटेत अडकला. स्क्रीनवर हिरव्या बारीक ओळी खालून वर सरकत होत्या, न थांबता, कुठून कुठे चालल्या होत्या देव जाणे. नकाशेवाला कपाळाला हात लावून बसला होता.

कॅप्टन मात्र खुशीत होते. त्या ओळी त्यांना वाचता येत नव्हत्या, पण काळ्यावर हिरवं काहीतरी हलतंय हे दिसत होतं. रात्रपाळीला जहाजाच्या कठड्यावरून खाली पाणी असंच दिसतं, असं ते म्हणाले. बघता बघता त्यांचा आवाज हळू झाला, पंख्याची घरघर तेवढी राहिली, आणि आरामखुर्चीतच त्यांना डुलकी लागली. नकाशेवाल्याने जागेवरून न उठता पाय लांब करून खिडकीचा पडदा सारला. चहा तिथेच राहिला.

शनिवारी सकाळी सॉफ्टवेअर बांधून झालं! नकाशेवाल्याने घर डोक्यावर घेतलं. बायको ओल्या हाताने धावत आली, कॅप्टन चष्मा लावून सावरून बसले. स्क्रीनवर खिडकी उघडली. खाली गवत होतं, झाडं होती, लांबवर टेकडीची रेघ होती. वर सगळा काळाकुट्ट अंधार. औषधाला तारा नाही.

"ढग असतील," कॅप्टन समजुतीने म्हणाले.

जावयाचे कान तापले. गोगलगायीसाठी हे सॉफ्टवेअर सांभाळायची जबाबदारी जगात एकाच माणसावर होती. तो कुठल्याशा दूरदेशी दातांचा डॉक्टर होता आणि हे काम हौस म्हणून करायचा. त्याला मेल गेली. दोन पेशंटच्या मधल्या वेळात त्याचं उत्तर आलं की ताऱ्यांची यादी वेगळी उतरवून घ्यावी लागते. ती घेतली. तारे आले, पण अक्षरं गेली! बटणं, तारीख, गावाचं नाव, जिथे म्हणून अक्षर असायला हवं तिथे नुसते रिकामे चौकोन. पुन्हा मेल. दाताच्या डॉक्टरने कळवलं की गोगलगायीवर अक्षरांचा हा त्रास जुनाच आहे, सवडीने बघू, तोवर गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख-वेळ एका साध्या फाइलमध्ये हाताने लिहा, काम होईल.

अक्षांश-रेखांश! नकाशेवाल्याला हसूच आलं. ज्या माणसाने आपल्या घराचा नकाशा स्वतःच्या हाताने काढलाय त्याला हे विचारायचं? पाठ होते ते त्याला. चार आकडे टाकले, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख टाकली, संध्याकाळचे साडेआठ टाकले. पडदे ओढले, दिवा मालवला, आणि कळ दाबली.

भर दुपारी त्या खोलीत रात्र झाली. स्क्रीनभर तारे उगवले, चांगले टपोरे, कॅप्टनच्या डोळ्यांसाठी मुद्दाम मोठे केलेले. नकाशेवाल्याला वाटलं, खोलीला छप्परच नाही. बायको दाराला टेकून उभी होती ती तशीच राहिली. कॅप्टन पुढे सरकले, आणखी पुढे सरकले, आणि म्हणाले:

"जावईबापू, हे घर नक्की कुठे आहे?"

"म्हणजे?"

"हे आपल्याकडचं आकाश नाही. हा क्रूसाच्या आकाराचा त्रिशंकू बघा, केवढा वर आलाय! आपल्या गच्चीवरून तो जेमतेम झाडांच्या वर डोकावतो. एवढा वर तो खाली दक्षिणेच्या समुद्रातच दिसतो. आपण कुठेतरी भलतीकडे आहोत."

झालं! नकाशेवाला खवळला. सॉफ्टवेअरवर नव्हे, गोगलगायीवर तर नव्हेच नव्हे, तो खवळला दाताच्या डॉक्टरवर. "अत्यंत गंभीर दोष" असा मथळा देऊन त्याने दोन पानी मेल लिहिली. आम्ही एका गावात राहतो आणि आपलं सॉफ्टवेअर आम्हाला समुद्रात नेऊन बुडवतं, वगैरे. ती पाठवून तो सगळं पुसून नव्याने बांधायला बसणार, तेवढ्यात कॅप्टननी त्याचा हात धरला.

"राहू द्या जरा," ते म्हणाले. "आलोच आहे तर बसतो थोडा वेळ."

तो थोडा वेळ म्हणजे अख्खी दुपार. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत कॅप्टन त्यांच्या तरुणपणीच्या पहाऱ्यावर होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी याच आकाशाखाली त्यांनी चार महिने काढले होते. पत्रं बंदर आलं की गठ्ठ्याने मिळायची. एकात सासूबाईंनी लिहिलं होतं, तुमची चित्रा फार रोडावलीय, तुमची काळजी करत असेल. ते पत्र त्यांनी खलाशांना वाचून दाखवलं होतं आणि सगळे पोट धरून हसले होते. हे सांगताना कॅप्टन हसले नाहीत. स्क्रीनवरचे तारे मुंगीच्या पावलांनी सरकत होते. आतल्या फ्रिजचा घुर्र आवाज इंजिनासारखा येत राहिला. नकाशेवाल्याचे डोळे जड झाले आणि त्याला स्पष्ट जाणवलं की फरशी हलतेय, हळूहळू, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. टेबल, खुर्ची, कपाट, सगळं घर बेताबेताने कुठेतरी चाललं होतं, आणि सासऱ्यांच्या हातात सुकाणू असल्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. घोरण्याचा आवाज ऐकून बायको आली. तिने दोघांच्याही अंगावर चादरी टाकल्या आणि दार लोटून घेतलं.

रविवारी संध्याकाळी दाताच्या डॉक्टरचं उत्तर आलं. बिचाऱ्याने सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून सगळा प्रोग्राम धुंडाळला होता आणि त्याला काहीच सापडलं नव्हतं. त्याची एकच विनंती होती: तुमचा प्रोग्राम स्वतःला नेमका कुठे समजतोय, तेवढं बघून कळवा.

पण बघणार कसं? गावाच्या जागी चौकोन, आकड्यांच्या जागीही चौकोनच! नकाशेवाल्याने सासऱ्यांपुढे हात जोडले. म्हणाला, बाबा, मी हरलो. उद्या तुम्ही जाणार आणि मला तुमचं एवढंसं काम जमलं नाही. ही अर्धा तास मागणारी जीभ कापून ठेवायला हवी.

कॅप्टननी विचारलं, "तुमची कंपासपेटी कुठाय?"

कंपासपेटी आली. कॅप्टननी कर्कटक घेतलं, मोजपट्टी घेतली, आणि स्क्रीनला नाक लावून त्रिशंकूच्या दांड्याची लांबी मोजली. मग ती साडेचार वेळा खाली टाकत गेले. जिथे टोक पोचलं तिथे दक्षिण ध्रुव म्हणून बोट ठेवलं, तिथून टेकडीच्या रेघेपर्यंतची उंची घेतली, कागदावर आकडेमोड केली. नकाशेवाला श्वास रोखून बघत होता. खुर्चीत बसून घराचा ठावठिकाणा शोधणारा माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"हं," कॅप्टन म्हणाले. "विषुववृत्ताच्या वर आपण जितके अंश राहतो, बरोबर तितकेच अंश खाली आहोत. वेळ धरली तर रेखांश घराचाच. म्हणजे आकडा अचूक आहे, जावईबापू. फक्त उत्तरेच्या जागी कोणीतरी दक्षिण लिहिलंय."

नकाशेवाल्याने फाइल उघडली. आता त्याच्या कचेरीत एक पद्धत होती, ती तुम्हाला सांगायलाच हवी. तिथे मापं कागदाच्या वरच्या कडेपासून खाली घेतात. खाली जाल ते अधिक, वर जाल ते उणे. बावीस वर्षं याचा हात तसाच वळला होता. शनिवारी फाइलमध्ये आकडे लिहिताना त्याच्या मनात आलं, विषुववृत्तापासून आपण वर, आणि हाताने आपलं आपण अक्षांशाच्या आधी उणे चिन्ह लिहून टाकलं; प्रोग्रामच्या लेखी उणे म्हणजे दक्षिण. दाताचा डॉक्टर निर्दोष होता. गोगलगाय निर्दोष होती. जन्मभर उत्तरेचा बाण काढणाऱ्याने आपलं राहतं घर बायको-सासऱ्यांसकट दक्षिण समुद्रात नेऊन ठेवलं होतं.

"सिस्टीममध्ये अगदी बारीकसा दोष होता," असं पुटपुटत त्याने ती रेघ हळूच खोडली. बायको मागेच उभी होती. तिने ती रेघ बघितली, नवऱ्याचे लाल कान बघितले, आणि मोठ्या मनाने काही बोलली नाही.

पुन्हा कळ दाबली. त्रिशंकू खाली उतरला आणि झाडांना टेकला. वरून दुसरेच तारे आले, ओळखीचे. कॅप्टनचं बोट स्क्रीनवरून चालत वर गेलं. ही हस्ताची चार बोटं, म्हणाले. म्हणजे ही इथे चित्रा. निळसर, बारीक, अगदी जागेवर. आणि तिच्या डाव्या अंगाला...

बोट थांबलं. चित्रेच्या डाव्या अंगाला एक मोठा, पिवळट, ठसठशीत तारा होता. तिथे कुठलाच तारा असायचं कारण नव्हतं.

"गुरू," कॅप्टन अगदी हळू म्हणाले.

ग्रह होता तो. ग्रह हिंडतात. पुढच्या वर्षी तो डावीकडे निघून गेला होता, मागे उरली ती त्याच्या उजवीकडची बारीक, खरी चित्रा, आणि सासूबाईंना नेमकं तेच दिसलं होतं. कॅप्टननी चष्मा काढला.

"परीक्षेत पहिला आलेला माणूस मी," ते म्हणाले. "मी आकाशाकडे बघितलंच नव्हतं, जावईबापू. मी तिच्याकडे बघत होतो. हात नुसता वर केला आणि जे सापडलं त्याला चित्रा म्हणून मोकळा झालो. आणि जन्मभर तिलाच हसलो."

तेवढ्यात बायको पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी स्क्रीन उचलला.

"अगं, अगं! वायर सुटेल!"

वायर सुटली. आकाश गेलं. तिने नवऱ्याच्या हातात स्क्रीन दिला, खालच्या दोन पुस्तकांतलं तळाचं पुस्तक ओढून काढलं आणि वडिलांच्या मांडीवर ठेवलं. ब्राऊन पेपरच्या आत जहाजावर वापरतात तसलं पंचांग होतं, ग्रह-तारे रोज कुठे असतात त्याचे तक्ते असलेलं. लग्नाच्या वर्षाचं. कॅप्टननी परीक्षेसाठी घेतलेलं आणि मग घरीच विसरलेलं.

"आईला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी तिने तुमच्याच पुस्तकात शोधून काढलं. मी शाळेत होते तेव्हा मला दाखवलं आणि शपथ घातली, की तुमचं तुम्हाला कळेपर्यंत सांगायचं नाही. मी म्हटलं, अगं सगळे तुला हसतात. तर म्हणाली, हसू देत. जहाजावरची तीस माणसं रोज रात्री त्यांच्या बोटावर विश्वास ठेवून झोपतात. त्या बोटाला घरातून कशाला कोणी नाव ठेवायचं?"

तिने पान उघडलं. लग्नाच्या तारखेसमोर पेन्सिलीने बारीक टिंब होतं. समासात सासूबाईंच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: गुरू. ह्यांना सांगायचं नाही. त्याच्या खाली बारा-बारा वर्षांच्या अंतराने चार सालं मांडली होती. तो फिरून त्याच जागी येतो ती सालं. पहिल्या तीन सालांपुढे बरोबरची खूण होती. चौथ्यापुढे नव्हती.

चौथं साल यंदाचं होतं.

नकाशेवाल्याने स्क्रीन तसाच गादीवर आडवा ठेवला आणि सासऱ्यांना हात दिला. गच्चीला एकतीस पायऱ्या होत्या. कॅप्टन प्रत्येक पायरीवर थांबत होते, मुलगी मागून धरत होती. वर पोचले तेव्हा आठ वाजायला आले होते. ऊन सोसून दमलेली गच्ची अजून पायाला कोमट लागत होती. समोरच्या घरांतून भांड्यांचे आवाज येत होते, खाली कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. आकाश निळं होता होता काळं होत होतं.

नकाशेवाल्याने हात वर करायच्या आधी या वेळी नीट बघितलं. खात्री केली. पुन्हा एकदा केली. मग कॅप्टनच्या खांद्यामागून बोट धरलं. कॅप्टननी मान वर केली. चित्रा त्यांना दिसली नाही, बाकीचे तारेही दिसले नाहीत. ते सगळे पुसलेलेच होते. पण त्या पुसलेल्या पाटीवर एकच ठिपका होता, कापसासारखा, जरा पसरलेला. मोठा होता म्हणून उरला होता.

"दिसतो," कॅप्टन म्हणाले. "तोच आहे. हिशेबाने जरासा डावीकडे सरकलाय."

"बिघडलं का काही?" मुलीने विचारलं.

"नाही गं. अठ्ठेचाळीस वर्षांत एवढं सरकायचंच." मग ते वर बघत, समोर कोणी बसल्यासारखं म्हणाले, "चुकलो. तूच बरोबर होतीस."

त्यांनी पेन्सिल मागितली. नकाशेवाल्याच्या खिशात ती बावीस वर्षं असायचीच. कठड्यावर पुस्तक ठेवून, चाचपत, त्यांनी चौथ्या सालापुढे खूण केली. जरा वाकडी आली. पण आली.

सोमवारी सकाळी कॅप्टन गेले ते पुस्तक पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन. संध्याकाळी नकाशेवाला कचेरीतून आला तर दाताच्या डॉक्टरची मेल येऊन पडली होती. सासऱ्यांनी कर्कटकाने ठिकाण काढल्याची, रविवारी रात्री कळवलेली हकिगत वाचून तो पार भारावला होता. सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत त्याने आभार मानले होते ते फक्त कॅप्टनचे. आणि मदतीच्या पानावर एक नवी ओळ घातली होती: उत्तरेकडे राहणाऱ्यांनी उणे चिन्ह लिहू नये. त्याखाली लिहिलं होतं, हे सांगावं लागेल असं आजवर वाटलं नव्हतं.

नकाशेवाल्याने ती मेल बायको यायच्या आत बंद केली. एकच पुस्तक उरल्यामुळे स्क्रीन बुटका झाला होता. मान खाली घालून, कुबड काढून तो बराच वेळ त्या आकाशाकडे बघत बसला. बायको दोन कप चहा घेऊन आली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"काही म्हण तू," तो म्हणाला, "पण शेवटी चाललं की नाही? गोगलगायीवर सगळं चालतं."

"चालतं की," बायको म्हणाली. "खाली आईचं पुस्तक लागतं फक्त. पी आता, निवेल."